स्विस की साखळी? महिलांची सांघिक स्पर्धा घेणाऱ्यांसाठी

परवा शिरोळहून ओळखीच्या एका सरांचा फोन आला. महिलांची सांघिक बुद्धिबळ स्पर्धा घ्यायची आहे, आठ-दहा संघ नक्की होतील, स्विस ठेवू की साखळी? स्विस म्हणजे प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्या संघांची गाठ, साखळी म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी. वर्षभरात हा तिसरा फोन. २०२४ ला बुडापेस्टहून आपल्या मुलींनी ऑलिम्पियाडचं सुवर्ण आणलं, २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं विश्वचषक जिंकला, तेव्हापासून जो तो मुलींचा संघ काढायला निघालाय. चांगलंच आहे. मी कोल्हापुरात एक वर्ष स्विस आणि पुढच्या वर्षी साखळी अशा दोन्ही स्पर्धा घेतल्यात. फोनवर तुटक तुटक सांगतो ते एकदा सलग लिहून टाकतो.

वर जगात नमुने दोन. ऑलिम्पियाड स्विस लीगनं होतं, अकरा फेऱ्या. दुसरी जागतिक महिला सांघिक अजिंक्यपद स्पर्धा, २००७ ला येकातेरिनबर्गला सुरू झाली. तिथं बरीच वर्षं दहा निवडक संघ, नऊ फेऱ्या, प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी. चार बोर्ड, म्हणजे एका वेळी चौघी खेळणार, पाचवी राखीव, आणि आधी मॅच पॉइंट, म्हणजे मॅचच्या निकालाचे गुण बघायचे, हे दोन्हीकडं सारखंच. त्यात वेळ घालवत नाही.

स्विसच्या बाजूनं आधी बोलतो, कारण माझी पहिली स्पर्धा स्विसच होती आणि ती काही वाईट झाली नाही. स्विसला दार बंद करावं लागत नाही. बुडापेस्टला महिलांचे पावणेदोनशेच्या वर संघ होते. तेवढ्यांची साखळी लावली तर आजी खेळायला बसेल आणि नात संपवेल. शिवाय एका पराभवानं सगळं मातीत जात नाही. आपल्या मुलींनी बुडापेस्टला पहिल्या सातही मॅच जिंकल्या, आठव्या फेरीत पोलंडकडून हरल्या, नवव्यात अमेरिकेशी बरोबरी. वाटलं, गेलं. मग दहाव्यात चीनला २.५-१.५ आणि शेवटी अझरबैजानला ३.५-०.५. सुवर्ण. पडल्यावर उठायला स्विस जागा ठेवतं, हे मान्य करावंच लागतं.

तीच पद्धत उलटीही फिरते. २०२२ ला मामल्लपुरमला दहाव्या फेरीअखेर आपला अ संघ पुढं होता. शेवटच्या फेरीत अमेरिकेकडून १-३ हार झाली आणि सुवर्णाचं कांस्य झालं. तेही टायब्रेकवर, म्हणजे गुण सारखे झाल्यावर नंबर ठरवणाऱ्या निकषावर मिळालं. वर युक्रेन आणि जॉर्जियाचे गुणही सारखेच, तिथंही सुवर्ण कुणाचं ते टायब्रेकनं ठरवलं. स्विसचा टायब्रेक म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांनी पुढं काय दिवे लावले यावर तुमचा नंबर. आपली मॅच संपवून बसायचं आणि आपण हरवलेला संघ पलीकडं जिंकावा म्हणून देव पाण्यात ठेवायचे. ऑलिम्पियाडमध्ये ते चालून जातं, सगळे जाणते असतात. आमच्या हॉलमध्ये एका आईनं विचारलं, "त्यांच्याशी आमची मॅच झालीच नाही, मग त्या आमच्या वर कशा?" मी दहा मिनिटं समजावलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं हे दिसत होतं. खरं सांगायचं तर त्या दहा मिनिटांत मलाही थोडं कमीच पटायला लागलं.

आता माझं मत ज्यावरून फिरलं ते सांगतो, समोर संघच नाही म्हणून न खेळता बसणं. बाय.

पहिल्या वर्षी दहा संघांची नावं आली होती. आदल्या रात्री साडेनऊला एका संघाचा फोन, दोघींना ताप, येत नाही. राहिले नऊ. नऊ संघ म्हणजे प्रत्येक फेरीत एक संघ बसणार. आणि स्विसच्या नियमानं पहिल्या फेरीत कोण बसणार? यादीत सगळ्यात खाली असेल तो. आमच्या यादीत खाली होता गडहिंग्लजकडचा एक संघ. चौघींपैकी एकीलाही रेटिंग नाही, कॉलेजच्या मुली, पहिलीच स्पर्धा. सत्तर-एक किलोमीटर. पहाटेची पहिली एसटी धरून, सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती स्टँडवर उतरून, रिक्षा करून सव्वाआठला हॉलवर हजर. हॉल अजून झाडतोय तोवर या दारात. नऊला पेअरिंग, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी ती यादी लावली तर यांच्या नावापुढं बाय.

मी त्यांना सांगितलं, "फुकटचे दोन गुण मिळाले, मजा करा." आत सोळा बोर्डांवर घड्याळं सुरू झाली. या चौघी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. एकीनं पिशवीतनं भडंगाचा पुडा काढला, दुसरीनं रोल करायचा बोर्ड बाकावर पसरला, दोघी आपसांतच खेळायला लागल्या. बाकीच्या दोघी दाराच्या फटीतनं आत बघत होत्या. हॉलवरच्या एका माणसानं त्यांना दोनदा "दारात उभं राहू नका" म्हणून हटकलं. सोबत आलेले एकीचे वडील माझ्याकडं आले आणि अगदी सरळपणानं विचारलं, "सर, आमच्या पोरींचा नंबर कवा?"

गोष्ट इथं संपली असती तरी चाललं असतं. पण न खेळता दोन गुण मिळाले म्हणून दुसऱ्या फेरीत त्या जिंकलेल्यांच्या गटात गेल्या आणि समोर आला सांगलीचा तयार संघ. सांगली म्हणजे काय हे या भागात वेगळं सांगायला नको, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेंचं गाव. ०-४. चौथ्या बोर्डावरची मुलगी अठराव्या चालीला वजीर देऊन बसली आणि हात पुढं करायच्या आधी तिनं मागं वळून वडील बघताहेत का ते पाहिलं. पहाटेपासूनच्या प्रवासाचं फळ दुपारी बाराला हे. पुढं त्यांनी एक मॅच बरोबरीत काढली, नाही असं नाही. पण चूक सॉफ्टवेअरची नव्हती आणि पंचांचीही नव्हती. सगळं नियमानंच झालं होतं आणि तेच मला जास्त टोचलं.

कुणी म्हणेल, संघ सम ठेवा, प्रश्न मिटला. ठेवा की. रात्री साडेनऊचा फोन तुम्हालाही येईल. काही जण आयोजकांचा एक जादा संघ तयार ठेवतात, तेही चांगलं. आमच्याकडं जादाच्या चार मुली असत्या तर पहिल्यांदा त्यांचाच संघ नसता का काढला?

साखळीतही नऊ संघ असतील तर बाय येतोच, लपवत नाही. फरक एवढाच की तो कधी येणार हे शुक्रवारीच कळतं. चिठ्ठ्या टाकून संघांना क्रमांक द्यायचे, बर्गर टेबल, म्हणजे साखळीतल्या गाठींचा ठरलेला तक्ता समोर ठेवायचा, संपलं. नऊ संघ असले तर दहा नंबर म्हणजे कुणीच नाही. त्या कुणीच-नाहीशी ज्या फेरीत गाठ, ती तुमची सुट्टी. एक नंबरला पहिल्याच फेरीत, सात नंबरला चौथ्या. पहिल्या फेरीत सुट्टी असलेला संघ तासाभरानं निघणारी एसटी पकडू शकतो. सगळ्यांना एकेक सुट्टी, त्यामुळं ती कुणाच्या माथी मारल्यासारखी वाटत नाही. आणि सांगलीशी सगळ्यांचीच गाठ पडते, आज नाही तर पुढच्या रविवारी.

तयारीच्या दृष्टीनंही मला साखळी बरी वाटते, निदान आपल्या पातळीवर. ऑलिम्पियाडला पेअरिंग लागल्यावर रात्री बसून कॅप्टननं पाचांतल्या कुठल्या चौघी बसवायच्या ते ठरवायचं. बुडापेस्टला हे काम पुण्याच्या अभिजित कुंटेंकडं होतं आणि त्यांनी ते किती चोख केलं ते निकालात दिसलं. आमच्याकडं कॅप्टन म्हणजे शाळेचे सर. पाचवी कुणी राखीव ठेवायची हे क्लासच्या परीक्षेवर आणि मामाच्या लग्नावर ठरतं. अशा माणसाला आठवडाभर आधी कळलं की अमुक फेरीत अमुक संघ, तर त्याची निम्मी कटकट जाते. शिवाय कोल्हापूरकराला साखळी समजावून सांगावी लागत नाही. शाहू स्टेडियमवर तालमींची फुटबॉल लीग बघत मोठे झालेले लोक हे, गुणतक्ता डोक्यात असतो.

साखळीचे तोटे खरे आहेत आणि मोठा तोटा पैशाचा. स्विस माझी एका रविवारात पाच फेऱ्यांत उरकली. नऊ संघांच्या साखळीला नऊ फेऱ्या, म्हणजे दोन रविवार, दोनदा हॉल, दोनदा चहा-नाष्टा. पंधरा मिनिटं अधिक प्रत्येक चालीला दहा सेकंद ठेवले तर फेरी तासात बसते. पण पहिल्या रविवारी सपाटून हरलेला संघ दुसऱ्या रविवारी येतच नाही, ही धास्ती असते. यावर एक युक्ती सांगतो, ती मला उशिरा सुचली. साखळीचा नियम असा की निम्म्यापेक्षा कमी मॅच खेळून संघ बाहेर पडला तर त्याचे सगळे निकाल गुणतक्त्यातून वजा. निम्म्या किंवा जास्त झाल्या असतील तर झालेले निकाल राहतात आणि उरलेल्या मॅच समोरच्याला मिळतात. प्रत्येक संघाच्या मॅच आठ. म्हणून पहिल्या रविवारी पाच फेऱ्या घ्याच, चारवर थांबू नका. एक सुट्टी धरली तरी चार मॅच होतात, निम्म्या भरतात आणि कुणी पळालं तरी तक्ता मोडत नाही. अनामत रक्कमही घ्या, पण अनामतीपेक्षा हे हमखास.

शेवटच्या फेऱ्यांत काही मॅच नुसत्या हजेरीच्या होतात, हेही खरं. पहिला नंबर ठरलेला असतो, लोक घड्याळाकडं कमी आणि एसटीच्या वेळेकडं जास्त बघतात. पण २०१५ ला चेंगडूला जॉर्जियानं चीनच्या अंगणात अशीच नऊ फेऱ्यांची साखळी जिंकली. तिथं कुणी म्हणू शकलं नाही की यांना सोपे संघ मिळाले. माझ्या लेखी याला वजन आहे.

तिसरी वाट म्हणजे स्पेनमधलं सिट्जेस. २०२१ ला तिथं जागतिक सांघिकचंच रूप बदललं: बारा संघ, दोन गट, मग बाद फेरी, तेही जलद डाव. भारताला या स्पर्धेतलं पहिलं पदक, रौप्य, तिथंच मिळालं. कझाकस्तानविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी तर ब्लिट्झवर, म्हणजे अतिजलद डावांवर गेली. बघायला फार मजा. पण दुपारी दोनला निम्मे संघ घरी पाठवायचे असतील तर मुलींच्या पहिल्या स्पर्धेत मी तरी ते करणार नाही. बारा-चौदा संघ आणि एकच रविवार असेल तर विचार करा. सोळाच्या वर गेलात तर निमूट स्विस घ्या, मी काही वाद घालणार नाही.

एक राहिलं. चार बोर्ड जमत नसतील तर तीन ठेवा, कमीपणा मानू नका. महिला ऑलिम्पियाड १९५७ ला एमेनला सुरू झालं तेव्हा दोनच बोर्ड होते, आणि चार झाले ते २००८ ला ड्रेस्डेनपासून. आपल्या तालुक्यांत तीन चांगल्या मुली आणि एक राखीव मिळते. चौथी शोधताना संघच मोडतो.

तर शिरोळच्या सरांना मी साखळी सुचवली. शेवटी हॉलचं भाडं त्यांनाच भरायचं आहे, त्यामुळं फार ताणलं नाही.

गडहिंग्लजचा संघ दुसऱ्या वर्षी परत आला. चिठ्ठीत सात नंबर निघाला. तेच वडील शुक्रवारी रात्री फोनवर तक्ता वाचत म्हणाले, "चौथी फेरी आमास्नी सुट्टी हाय न्हवं? मग तेवढ्यात पोरींना अंबाबाईचं दर्शन करवून आणतो." आणले. रविवारची रांग, पाचव्या फेरीला सहा मिनिटं उशीर झाला. घड्याळं मी वेळेवर चालू केली होती. पहिल्या बोर्डावरची मुलगी कपाळाला कुंकू, हातात प्रसादाची पुडी घेऊन धावत आली, पुडी बोर्डाशेजारी ठेवली आणि उरलेल्या नऊ मिनिटांकडं न बघता घोडा काढला.