पैसा आधी कुठे घालायचा: कालव्यात, पंपात की बांधात?

शेतीला पाणी कमी पडतंय म्हटलं की पहिला विचार बाहेरून पाणी आणण्याचाच होतो. मी आधी विचारतो, पडलेला पाऊस जातो कुठे? हाताशी एकाच कामापुरता पैसा असलेल्या गावापुढे किंवा पाणीवापर संस्थेपुढे साधारण तीन वाटा असतात: कालवा, भूजलाचा उपसा आणि जागच्या जागी ओल धरणारी बांधबंदिस्ती.

कालव्याचं मोठं सुख म्हणजे पाणी उताराने आपसूक येतं, उपशाचा खर्च नाही. सुदानमधली गेझिरा कालवा योजना 1925 साली सेन्नार धरण झाल्यापासून अशीच चालत आली. पण निळ्या नाईल नदीचा गाळ शेताकडे पाणी नेणाऱ्या पाटांत बसतो. तो वेळेवर काढला नाही, तर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची पाण्याची पाळी कागदावरच राहते.

दुसरं दुखणं मात्र उशिरा कळतं. कालव्याचं पाणी गोड लागलं तरी लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार त्यात सहज असतो. हंगामात 500 मिलिमीटर पाणी दिलं, म्हणजे हेक्टरी 50 लाख लिटर. त्यातून अडीच टन क्षार शेतात आले. निचरा नसेल तर ते जाणार कुठे? भूजल दीड-दोन मीटरच्या आत चढलं की ओल वर येऊन उडून जाते आणि मातीवर पांढरा पापुद्रा धरतो. पाकिस्तानात सिंधूच्या खोऱ्यातल्या अशा पाणथळ, क्षारपड जमिनी सुधारायला 1960च्या दशकात सरकारला हजारो कूपनलिका खोदाव्या लागल्या. म्हणून अंदाजपत्रकात निचऱ्याच्या चरांची रक्कम नसेल, तर तो कालवा स्वस्त दिसतो इतकंच.

पंपाचं आकर्षण उघड आहे: पिकाला हवं तेव्हा पाणी, कुणाच्या पाळीची वाट बघणं नाही. सौर पंपाने तर चालवण्याचा खर्चही जवळजवळ संपतो, पण त्याबरोबर उपशावरचा शेवटचा लगामही जातो. ठिबक लावलं की भूजल वाचेल, हेही नेहमी खरं ठरत नाही. वाचलेल्या पाण्यावर माणूस आणखी दोन एकर भिजवतो. शिवाय मोकाट पाण्यातून जो पाझर पुन्हा विहिरीला मिळत होता, तोही थांबतो. उत्पन्न आणि मजुरीच्या हिशोबाने ठिबक जरूर घ्या. विहिरी भरायच्या असतील, तर आधी भिजणाऱ्या क्षेत्राला मर्यादा घाला.

तिसरी वाट दिसायला साधी, पण माझा कौल बहुतेकदा तिलाच. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या यातेंगा भागात शेतकरी याकूबा सावादोगो यांनी ‘झाई’ खड्ड्यांची जुनी पद्धत सुधारून वापरली. कोरड्या दिवसांत कडक, पापुद्रा धरलेल्या जमिनीत वीतभर रुंद खड्डे घ्यायचे आणि त्यांत शेणखत टाकायचं. खताच्या वासाने वाळवी येते आणि भुसभुशीत बोगदे पाडते. पहिल्याच पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यांतून खाली मुरतं. उताराला आडव्या दगडी ओळी घातल्या की मातीही थांबते. या कामासाठी त्यांना 2018 साली राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

घाम मात्र गाळावा लागतो: मीटर-मीटरवर म्हटलं तरी हेक्टरी 10,000 खड्डे होतात. मोकळ्या वाळूत ते ढासळतात, अतिपावसात पीक पाण्यात उभं राहतं. आणि महिनाभर पावसाने दडी मारली, तर नुसत्या ओलीवर दाणा भरत नाही. तिथे एखादं शेततळं, पीक वाचवणाऱ्या दोन पाण्यांपुरतं, जोडीला हवंच.

तेव्हा वर्षाला साधारण 300 ते 800 मिलिमीटर पाऊस, तोही मोजक्या झोडप्यांत पडणारा, आणि जमीन कडक असेल, तर पैसा आधी बांधात. पाऊस त्याहून कमी आणि नदी जवळ असेल, तर कालवा, पण चरांसकट. उपसा तिथेच, जिथे पावसाळ्यानंतर विहिरीची पातळी दरवर्षी पूर्ववत होते.

एक गोष्ट या हिशोबात कुणी धरत नाही: जमीन कुणाच्या नावावर आहे? कुळाने जमीन सोडली तर पंप बरोबर नेता येतो, बांध मालकाकडेच राहतो. कसणाऱ्याच्या हाती निदान पाच-सात वर्षांचा लेखी करार नसेल, तर खड्डे खोदायला कुणी का येत नाही, हे त्याला विचारायची गरज नाही.