मिग-२१ चे ८० मिलिमीटर पंख्याचे मॉडेल : एका हंगामाच्या वापरानंतर

जेट मॉडेल घेणारा माणूस बहुधा पहिल्यांदा त्याचा वेग विचारतो. पावसाळा सरल्यापासून वळवाच्या सरी सुरू होईपर्यंत मिग-२१ या लढाऊ विमानाचे रेडिओवर चालणारे मॉडेल नियमितपणे उडवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, वेगाची चौकशी नंतर केली तरी चालते. हळू उडताना मॉडेल कितपत हातात राहते आणि ते उतरवण्यासाठी आपल्याकडे जागा कशी आहे, हे मात्र आधीच पाहून घ्यावे.

हेच विमान का, हे नाशिककराला सांगावे लागत नाही. १९६४ मध्ये नाशिकजवळच्या ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला तो मिग-२१ साठीच, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला हवाई दलाने या विमानाला निरोप दिला, तेव्हा इकडच्या अनेक घरांमधून हळहळ व्यक्त झाली. मॉडेल मूळ विमानाच्या एक दशांश मापाचे आहे. मूळ पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणून मॉडेलचा सुमारे ७१ सेंटिमीटर. अंग ईपीओ या हलक्या, चिवट फोमचे, पोटात १२ पात्यांचा पंखा, आणि बारा पात्यांमुळेच आवाज किंचाळणारा न येता सलग, भरीव शिट्टीसारखा येतो. सहा सेलच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीसह वजन सव्वादोन किलो भरते. लांबी, रुंदी आणि उंची दहावा हिस्सा केली, तर वजन हजारावा हिस्सा व्हायला हवे, म्हणजे ते आठ किलोच्या आसपास गेले असते; फोममुळे ते त्याच्या जवळपास पाव भागावर राहते, आणि म्हणूनच एवढ्याशा पंखांवर हे मॉडेल उडू शकते.

तरीही पंख लहानच. मूळ विमानाचे पंखक्षेत्र २३ चौरस मीटर, मॉडेलचे २३ चौरस डेसिमीटर. म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर जवळजवळ १०० ग्रॅम भार येतो. शिकाऊ मॉडेलवर हा भार साधारण याच्या निम्मा असतो. त्यात भर अशी की, नाकावर प्रोपेलर असलेल्या विमानात थ्रॉटल देताच वाऱ्याचा झोत शेपटीवरून जातो आणि वेग नसतानाही एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग, काम करतो. इथे झोत नळीतून थेट मागे निघून जातो, त्यामुळे शेपटीला पकड मिळते ती फक्त विमानाच्या स्वतःच्या वेगातून. शिवाय पंख्याला पूर्ण फेऱ्यांवर यायला क्षणभर लागतो. उतरताना थ्रॉटल शून्यावर नेला आणि विमान खचू लागल्यावर पुन्हा दिला, तर जोर येईपर्यंत जमीन आलेली असते. मी अखेरच्या टप्प्यात थ्रॉटल एक तृतीयांशाच्या वर ठेवतो, नाक थोडे उचललेले ठेवतो, आणि मागची चाके टेकल्यावरच तो पूर्ण खाली घेतो. त्रिकोणी पंख एकदम कोसळत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण नाक जास्त उचलले की हवेचा विरोध इतका वाढतो की, विमान सरळ दिसत असूनही खाली बसत जाते. डोळ्यांना हे उशिरा कळते. जायरो, म्हणजे विमानाचा तोल आपोआप सावरणारे उपकरण, पंख समतोल ठेवतो, वेग राखत नाही, हे नवख्याने मनाशी पक्के करावे.

आता जागेविषयी. नाकातील शंकूभोवतीची फट पंख्याची भूक भागवू शकत नाही, म्हणून पोटाखाली हवेसाठी जादा झरोके ठेवलेले आहेत. जमिनीवर धावताना तेच झरोके खडी आणि गवत ओढून घेतात. कार्तिक-मार्गशीर्षात आमच्याकडे माळावर कुसळे वाळलेली असतात. माळावरून एक फेरी मारून आल्यावर पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी ती अडकलेली दिसली आणि रिकाम्या फिरवणीत थरथर हाताला जाणवली. चिमट्याने एकेक काढल्यावर ती थांबली. तेव्हापासून मी सिन्नरच्या बाजूला एका खासगी डांबरी पट्ट्याशिवाय कुठेही हे विमान नेत नाही, आणि उडवण्याआधी पट्टा झाडून घेतो. मागच्या चाकांमधले अंतर कमी असल्याने आडवा वारा असेल, तर बेत रद्द करणेच शहाणपणाचे. उडवण्याची जागा हरित क्षेत्रात, म्हणजे उड्डाणासाठी मोकळ्या ठेवलेल्या भागात, आहे ना, हे अधिकृत नकाशावर पाहावे; ४०० फुटांच्या वर जाऊ नये आणि विमान नजरेच्या टप्प्यात ठेवावे.

बॅटरीचे गणित कोरडे पण अटळ आहे. पूर्ण थ्रॉटलवर विद्युतप्रवाह ९० अँपिअरच्या घरात जातो. सरासरी ६० धरली, तर ५००० एमएएचची बॅटरी पाच मिनिटांत पूर्ण रिकामी होईल. ती तशी होऊ द्यायची नसल्याने घड्याळ साडेतीन मिनिटांवर लावतो. नाशिकची उंची ६०० मीटरच्या आसपास आणि त्यात एप्रिलचे ऊन, यामुळे हवा विरळ होते आणि उड्डाणासाठी धाव नजरेत भरण्याइतकी लांबते. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटोपावे. घरी आल्यावर बॅटऱ्या प्रतिसेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवतो. भरलेल्या अवस्थेत गाडीच्या डिकीत ठेवलेली बॅटरी फुगते.

टिकाऊपणाबाबत समाधान आणि तक्रार दोन्ही आहेत. पंखा, मोटर आणि सर्व्हो (शेपटी-पंखांचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) अजून ठणठणीत आहेत. पूर्ण फिरणाऱ्या शेपटीच्या सांध्यात मात्र किंचित ढिलाई आली, आणि वेगवान विमानात ती अजिबात खपवून घेऊ नये; मी दांडीची टोके बदलली. नाकाच्या चाकाची दांडी मऊ धातूची आहे, ती दोनदा सरळ करावी लागली. नाकापुढची लांब पिटो नळी (मूळ विमानात ती हवेतला वेग मोजते) प्लॅस्टिकची आहे, ती प्रवासातच मोडली; तिच्या जागी कार्बनची बारीक काडी लोहचुंबकावर बसवली आहे, म्हणजे गाडीत ठेवताना काढता येते.

सर्वांत गंभीर मुद्दा रंगाचा वाटतो. करडे, त्रिकोणी विमान दीडशे मीटरवर गेले की येते आहे की जाते आहे, हे कळेनासे होते. मूळ रंगसंगतीवर माझे मनापासून प्रेम आहे, तरी मी पंखांच्या खालच्या बाजूला काळे रुंद पट्टे दिले, आणि वरून पाहिले तर ती हवाई दलाचीच शान राहते. शिकाऊ विमानानंतर लगेच हे घेऊ नये. एखादे धडाच्या खालच्या बाजूला पंख असलेले, वेगवान प्रोपेलर विमान सहज उतरवता येऊ लागले की मग घ्यावे. घेताना नाकाच्या चाकाचा पूर्ण जादा संच आणि किमान दोन बॅटऱ्या त्याच खर्चात धराव्यात.