सायनोटाइपसाठी ऊन, एलईडी की ट्यूबची पेटी?

कोल्हापुरात सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर अतिनील प्रकाशानं निळे फोटो छापण्याची पद्धत) करणाऱ्यानं उन्हाला नावं ठेवू नयेत. एप्रिलच्या भर दुपारी गच्चीवर फ्रेम ठेवली की फुकटात गर्द निळा मिळतो. पण जून लागला की सगळा कारभार ढगांच्या हाती जातो. एकाच निगेटिव्हच्या दोन सारख्या प्रती हव्या असतील तर अतिनील दिव्यांची पेटी आलीच. मग प्रश्न उरतो तो एलईडीची पट्टी की ट्यूब एवढाच.

एलईडीच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे: वीज कमी लागते, बटण दाबताच पूर्ण प्रकाश मिळतो. मला मात्र तिनं एका कोपऱ्यापायी जेरीला आणलं. रंकाळ्याच्या फोटोत पाणी म्हणजे सपाट करडा पट्टा, आणि त्याचा उजवा कोपरा दर वेळी फिकट. संशय आधी कोटिंगवर, म्हणजे कागदावरच्या रसायनाच्या थरावर जातो, मग निगेटिव्ह कागदाला चिकटून धरणाऱ्या फ्रेमच्या दाबावर. उलगडा करायचा तर निगेटिव्ह न लावता नुसता कोटिंग केलेला कागद अर्धवट एक्स्पोज करा (पूर्ण एक्स्पोजरमध्ये फरक झाकला जातो), आणि दुसरा कागद फ्रेमसकट उलट दिशेनं फिरवून ठेवा. फिकटपणा कागदाबरोबर फिरला तर दोष कोटिंगचा किंवा दाबाचा. पेटीतल्या त्याच जागी राहिला तर दिव्यांचा. माझा तिथून हलला नाही. 12 व्होल्टच्या लांब पट्टीला एकाच टोकाला वीज दिली की दुसऱ्या टोकापर्यंत व्होल्टेज उतरतं. डोळ्याला ते जाणवत नाही, कागदावर मात्र दिसतं. शिवाय स्वस्त पट्ट्या बहुधा 395 ते 405 नॅनोमीटर तरंगलांबीच्या असतात. सायनोटाइपला 365 च्या आसपासचा प्रकाश जास्त मानवतो.

बीएल (ब्लॅकलाइट, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या) ट्यूब नेमक्या 365 च्या आसपासच असतात आणि त्यांचा प्रकाश लांबीभर पसरतो. दोन ट्यूबमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढंच ट्यूब आणि कागदामध्ये ठेवलं की पट्टे उमटत नाहीत. टोकांकडे प्रकाश कमी पडतो, म्हणून कागद मधोमध ठेवावा. ट्यूब तापायला काही मिनिटं लागतात आणि वापरानं त्या मंदावतात, हे खरं. त्यासाठी प्रत्येक प्रिंटच्या कडेला 21 पायऱ्यांची स्टेप वेज (पायरी-पायरीनं गडद होत जाणारी पारदर्शक पट्टी) लावतो. एक पायरी म्हणजे अर्धा स्टॉप (पूर्ण स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), त्यामुळे वेळ किती वाढवायचा ते लगेच कळतं.

प्रत्येकाची गरज वेगळी, पण नवी पेटी करायची तर माझा कल ट्यूबकडे. ए-फोरपेक्षा मोठं छापायचंच नसेल तर एलईडीही चालून जाईल. फक्त 365 चीच घ्या, आणि पट्टीचे छोटे तुकडे करून प्रत्येकाला वेगळी वीज द्या.