तिसऱ्या गेटजवळचा सुपरवायझरांचा वर्ग: माणसं पाठवावीत का? जरूर पाठवा

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्वच्या बॉडी मशीन करणारं आमचं युनिट आहे. हजेरी, पगार, रजा, भांडणं सगळं माझ्याकडे. यंदा दोन ऑपरेटरांना आम्ही शिफ्ट सुपरवायझर केलं आणि दोघांना तिसऱ्या रेल्वे गेटजवळ भरणाऱ्या वर्गाला पाठवलं. मीही सोबत बसले. दोन दिवस सलग, महिन्याभरानं आणखी अर्धा दिवस, माणशी साडेचार हजार, चहा-जेवण धरून. शिकवणारे गृहस्थ एका फौंड्रीतून वर्क्स मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. मराठीत बोलतात, समोरच्याचा चेहरा कोरा दिसला की तेच कन्नडमध्ये सांगतात.

आपल्याकडे चांगला ऑपरेटर बघायचा, त्याला सुपरवायझर करायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'आता माणसं सांभाळ' म्हणायचं, ही सगळीकडची रीत. होनिंग मशीनवर (भोक आतून घासून गुळगुळीत करणाऱ्या) हात बसायला त्याला वर्षं दिलेली असतात, माणसं सांभाळायला शिकायला एक दिवसही देत नाही. मग तो एक तर सगळ्यांवर ओरडतो, नाही तर सगळ्यांचं काम स्वतःच करत बसतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की या वर्गाबद्दल लिहायचंच असं ठरवलं.

पहिल्या दिवशी सरांनी दोन पदरी वायर काढली. बल्बच्या होल्डरमध्ये वायर ओढली जाऊ नये म्हणून आत जी गाठ मारतात, ती शिकवायची होती. काकतीच्या एका मुलाला उभं केलं आणि आधी नुसतं तोंडानं सांगितलं: डावा पदर असा घे, मागून फिरव, उजवा त्याच्या पुढून. मुलाच्या हातात गुंता झाला. मग सरांनी समोर उभं राहून काही न बोलता झटपट गाठ मारून दाखवली. तरी जमेना. तिसऱ्या वेळी त्याला शेजारी उभं केलं, म्हणजे दोघांचा डावा-उजवा एकाच बाजूला आला. एकेक टप्पा दाखवला, कुठे जपायचं ते सांगितलं, का जपायचं तेही सांगितलं. मग त्याच्याकडून करून घेतलं, आणि पुन्हा करताना काय करतोय, का करतोय हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. आता मात्र गाठ बसली. मुलगा इतका खूश झाला की जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांना तोच शिकवत होता.

ही पद्धत अमेरिकेतली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. अनुभवी कामगार सैन्यात गेलेले आणि कारखान्यात नवखी माणसं, त्यात बायकाही खूप. त्यांना लवकर तयार करण्यासाठी सरकारनं १९४० ते १९४५ मध्ये सुपरवायझरांसाठी हे धडे चालवले. युद्धानंतर ते जपानला गेले, टोयोटानंही उचलले. त्या धड्यांतलं एक वाक्य सरांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. ते वाचून आमच्या दोघांच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला. 'नवीन पोरांना डोकंच नाही' हे वाक्य आमच्या शॉपमध्ये रोज ऐकू येतं.

परत आल्यावर आमच्या एकानं डिबर्रिंगची, म्हणजे भोकांच्या कडेला राहणारी धातूची कुसळं (बर्र) काढायच्या कामाची, चिठ्ठी बनवली. तीन रकाने: टप्पा, जपायची गोष्ट, कारण. व्हॉल्व बॉडीत आडवी भोकं मुख्य बोअरला जिथे मिळतात तिथे बर्र राहते, ती राहिली की स्पूल, म्हणजे आतला सरकणारा दांडा, अडकतो. हे जुन्यांना माहीत असतं, नव्यांना कोणी सांगत नाही. त्यांना 'साफ कर' एवढंच सांगितलं जायचं. आता ओडिशाहून आलेली दोन मुलं टॉर्च मारून नेमकी तीच जागा बघतात. आणि का बघतोस विचारलं तर हिंदीत नीट कारण सांगतात.

दुसरा दिवस माणसांचा. इथे सरांनी आपल्या भागाची खरी अडचण पकडली. आमचा दुसरा सुपरवायझर येळ्ळूरचा, आणि त्याच्या शिफ्टला लेथवर त्याचे सख्खे मामा. घरी ज्यांच्या पाया पडायचं त्यांना कामावर कसं बोलायचं? सरांनी वर्गातच ते करून घेतलं, स्वतः मामा होऊन बसले. सूचना एवढीच: चारचौघांत बोलायचं नाही, स्वभावावर जायचं नाही, जे घडलं आणि त्यानं काय झालं तेवढंच सांगायचं, मग गप्प बसून ऐकायचं. पुढच्या आठवड्यात त्यानं खऱ्या मामांना बाजूला घेतलं. "मामा, सोमवारी आणि बुधवारी तुम्ही साडेसातला आलासा. तोवर रातपाळीचा माणूस थांबून राहिला. काय अडचण हाय काय?" अडचण होती. मामी आजारी, सकाळचं सगळं मामांवर. दुसऱ्या पाळीच्या एकाशी अदलाबदल करून दिली. एरवी हे प्रकरण महिनाभर धुमसून माझ्या टेबलावर मेमो होऊन आलं असतं.

रजेचंही तसंच. गणपती, गावची यात्रा, भाताची सुगी, या दिवसांत अर्धी शॉप रिकामी. सर म्हणाले, बदल माणसाला आधी कळला पाहिजे, नोटीस लागल्यावर नव्हे. आता गावागावच्या तारखा विचारून दोघे आधीच तक्ता करतात. ओव्हरटाइमचा दर दुप्पट का द्यावा लागतो, तो कायदाही त्यांना नीट कळला, त्यामुळे उगाच थांबवून घेणं कमी झालंय.

आता उणं. हातात दिलेली पुस्तिका इंग्रजीत आहे. बोलणं मराठी-कन्नडमध्ये आणि कागद इंग्रजीत, हे बरोबर नाही. दहावी झालेला माणूस ती घरी उघडत नाही. तातडीचं काय आणि महत्त्वाचं काय, हे चार चौकोनांत मांडण्याचा तासही पोकळ गेला. शिफ्टवरच्या माणसाला उदाहरणं शिफ्टवरचीच हवीत.

सगळ्यात जास्त खटकलं ते लैंगिक छळाच्या कायद्याबद्दल. २०१३ चा हा कायदा, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, एवढं सांगून शेवटच्या पंधरा मिनिटांत विषय उरकला. आमच्या इन्स्पेक्शनला बायका आहेत. तक्रार घेऊन त्या आधी जातील ती शिफ्टच्या सुपरवायझरकडेच, आणि त्या वेळी त्यानं काय बोलायचं, काय अजिबात बोलायचं नाही, हे त्याला माहीत हवं. यासाठी पूर्ण दोन तास द्या, असं मी सरांना स्पष्ट सांगितलंय.

महिन्यानंतरचा अर्धा दिवस चुकवू नका. आम्ही गेलो तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, मालकांनी माणसं सोडलीच नव्हती. प्रत्येकानं काय करून पाहिलं, कुठे अडलं, हे तिथे निघतं. पैसे त्याचेही भरलेले असतात.

ऑफिसातल्या टीम लीडरला हा वर्ग फारसा लागू नाही. फौंड्री, मशीन शॉप, पॉवरलूम, जिथे माणूस उभं राहून काम करतो तिथल्यांना पाठवा. एका युनिटमधून दोघे पाठवा, एकटा परत येऊन एकटाच पडतो. आमच्या डिबर्रिंगच्या चिठ्ठीची मराठी आणि कन्नड प्रत मी सरांना दिली आहे, गणपतीनंतरच्या तुकडीत ती वापरतो म्हणालेत.