पंथ सोडणाऱ्यांना गाठणारा ‘मुक्ती समुपदेशक’

पंथ सोडताना आपल्याला सगळी धास्ती असते ती आतल्या माणसांची. मला लुबाडलं ते बाहेर वाट बघत बसलेल्या माणसानं. ज्यांच्या मनात शंका सुरू झाल्या आहेत आणि जे रात्री गुपचूप मोबाइलवर मदत शोधताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आमच्या पंथातून कुणाला जाहीरपणे हाकलत नाहीत. प्रश्न विचारायला लागलात की माणसं बोलायची बंद होतात, एवढंच. नातेवाईक आत, मैत्रिणी आत, नोकरीही पंथातल्याच एकाकडे. अशा वेळी कुणी “ताई, मी स्वतः यातून गेलोय” म्हणालं की जीव भांड्यात पडतो. हा गृहस्थ तेच म्हणाला. स्वतःला ‘मुक्ती समुपदेशक’ म्हणवायचा. आमच्याकडचे खास शब्द त्याला तोंडपाठ, वरिष्ठांच्या लकबीसुद्धा. सुरुवातीच्या फोनवर पैशाचा विषयही काढला नाही त्यानं.

मग वही आली. “आत असताना जे जे केलंत, ज्याची लाज वाटते, ते सगळं लिहून काढा. नावांसकट. आणि पानांचे फोटो मला पाठवा.” मी लिहिलं. कुणाच्या गळ्यात पडून देणगी काढली, कुणाच्या घरातलं भांडण वर कळवलं, अजून आत असलेल्या माझ्या बहिणीनं मला चोरून काय सांगितलं. पंथातही वरिष्ठांपुढे असंच सगळं ओकायला लावायचे, आणि पुढे कधी तोंड वर केलं की तेच काढून दाखवायचे. रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं चीनमधल्या सक्तीच्या ‘विचारसुधारणे’तून गेलेल्या लोकांशी बोलून १९६१ मध्ये अशा वातावरणाची आठ लक्षणं मांडली होती. कबुलीजबाबाचा हा सोस त्यातलंच एक. विचार जागच्या जागी बंद पाडणारी ठरावीक वाक्यं, हे आणखी एक.

तसलं वाक्य याच्याकडेही होतं. शिक्षण काय, नोंदणी कुठे आहे, असं मी विचारलं तेव्हा तो हसला. “बघा ताई, हा पंथच बोलतोय तुमच्या तोंडून. जाणकारावर अविश्वास ठेवायला त्यांनीच शिकवलंय तुम्हाला.” (आम्हाला शिकवलं होतं नेमकं उलटं!) झोप लागत नाही, डॉक्टरकडे जाऊ का, म्हटलं तर उत्तर मिळालं, “ते गोळ्या देतील आणि माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल.” नवऱ्याशी बोलू का? “त्यांना यातलं कळत नाही, सध्या नको.” पैसे घेतले ते ‘पहिल्या पातळी’चे, सगळे आगाऊ, पावती नाही. ती संपायच्या आत दुसरी पातळी निघाली.

दुसऱ्या पातळीला मी नाही म्हटलं, त्यावर आलेला मेसेज असा: “तुमची वही माझ्याकडे सुरक्षित आहे. ती वरिष्ठांपर्यंत जाऊ नये अशी माझीही मनापासून इच्छा आहे.” किती सभ्य भाषा! अर्थ लहान पोरालाही कळावा.

मी आधी बहिणीला गाठलं आणि वहीत तिच्याबद्दल काय लिहिलंय ते शब्दन् शब्द सांगितलं. ती चिडली, साहजिकच. पण ज्या गोष्टीची भीती घालायची ती गोष्टच उघड झाल्यावर त्याच्या हातात फारसं काही उरलं नाही. मग मेसेज, कॉलची यादी, बँकेच्या नोंदी सगळं जपून ठेवलं आणि पोलिसांत लेखी तक्रार दिली. गुपित फोडायची भीती घालून पैसे मागणं हा गुन्हा आहे, वहीत काहीही लिहिलेलं असो. असल्या मेसेजला उत्तर देऊ नका, आणि रागाच्या भरात तो पुसूनही टाकू नका. माझे पैसे अजून परत आलेले नाहीत.

मदत करणाऱ्या संस्थेचं नाव जुनं आणि मोठं असलं तरी आज ती कोण चालवतं हे बघाच. अमेरिकेत ‘कल्ट अवेअरनेस नेटवर्क’ ही पंथांबद्दल सावध करणारी नावाजलेली संस्था होती. एका तरुणाला त्याच्या मनाविरुद्ध उचलून नेऊन, कोंडून, त्याचा धर्म सोडवण्याचा प्रयत्न झाला होता. त्या खटल्यात १९९५ मध्ये ज्युरीनं या संस्थेलाही जबाबदार धरलं आणि १९९६ मध्ये तिचं दिवाळं निघालं. पुढे तिचं नाव आणि फोन नंबर विकत घेतला तो सायंटॉलॉजी या अमेरिकेतल्याच पंथाच्या एका सदस्यानं. संस्था ज्यांच्याबद्दल सावध करायची त्यांत सायंटॉलॉजी होतीच! यातली उचलून नेण्याची गोष्ट घरच्यांनीही लक्षात ठेवावी. सज्ञान माणसाला कोंडून ‘बरं’ करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

शेवटी मला सावरलं ते एका नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ बाईंनी. आमच्या पंथाचं नावही त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं आणि त्यानं काही अडलं नाही. फी किती, गुप्तता कुठपर्यंत, कुठल्या परिस्थितीत ती मोडावी लागते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत कागदावर दिलं. कधीही थांबू शकता, म्हणाल्या. पंथ सोडा असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. देवाला अजून मानता का, हेही विचारलं नाही. आधी कागदपत्रं कुठे आहेत, बँक खातं कुणाच्या नावावर आहे, मोबाइलचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे, पंथाबाहेरचं एक तरी माणूस आहे का, हे विचारलं. माझी मूळ प्रमाणपत्रं पंथाच्या कार्यालयात होती. ती दुसऱ्या कामाचं निमित्त सांगून काढून आणली, आणि मगच मी यायचं बंद करत असल्याचं कळवलं. हा क्रम उलटा झाला असता तर अजून हेलपाटे मारत बसले असते.

तो गृहस्थ हल्ली दुसऱ्या नावानं जाहिरात करतो. नोंदणी विचारल्यावर “हा पंथच बोलतोय” असं कुणी म्हणालं तर तो बहुधा तोच. पैसे देऊ नका, आणि त्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.