किल्लेदारापेक्षा कारखानिसाचा खेळ : ‘स्ट्राँगहोल्ड’

ब्रिटनमधील फायरफ्लाय स्टुडिओज या कंपनीने २००१ साली बाजारात आणलेला ‘स्ट्राँगहोल्ड’ हा संगणकावरील डावपेचांचा खेळ तसा जुनाच म्हणायचा. पुढच्याच वर्षी त्याची ‘क्रुसेडर’ ही वाळवंटात घडणारी आवृत्ती आली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मूळ खेळच नव्या, रेखीव चित्रांसह ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ या नावाने पुन्हा प्रसिद्ध झाला. हे परीक्षण प्रामुख्याने या शेवटच्या आवृत्तीचे आहे. विजयदुर्गापासून जंजिऱ्यापर्यंत ज्यांच्या डोळ्यांसमोर सतत कोणता ना कोणता तट असतो, अशा कोकणातल्या वाचकाला इंग्लंडातील किल्ल्यांच्या या खेळात काय मिळेल, हा प्रश्न मनात ठेवूनच मी तो खेळलो. मराठ्यांच्या गडांवर किल्लेदार किंवा हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशी अधिकाऱ्यांची वाटणी असे. त्यांपैकी कोठारे सांभाळणाऱ्या कारखानिसाचे काम किती जोखमीचे असले पाहिजे, याची जाणीव या खेळाइतकी स्पष्टपणे मला दुसऱ्या कशातून झालेली नाही.

कथानकावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. राजा रानटी टोळ्यांच्या कैदेत सापडतो, त्याच्या माघारी उंदीर, साप, डुक्कर आणि लांडगा अशी टोपणनावे असलेले चार सरदार राज्य वाटून घेतात आणि आपण एकेक परगणा त्यांच्याकडून परत जिंकत जातो. हे सरदार मनोरंजक आहेत, विशेषतः भित्रा उंदीर, पण एकवीस टप्प्यांची ही युद्धमोहीम आपल्याला खेळायला लावते ती त्यांच्यासाठी नव्हे.

खेळाचा खरा प्राण धान्याच्या वाटेत आहे. सुपीक जमिनीवर गव्हाचे शेत घातले की शेतकरी पीक कापून वखारीत आणून ठेवतो, पवनचक्कीवरची पोरे तिथून गहू उचलून पीठ करून परत वखारीत टाकतात, भटारी ते पीठ नेऊन पाव भाजतो आणि शेवटी तो पाव धान्यकोठारात पोहोचतो. हे सारे पडद्यावर प्रत्यक्ष चालते. प्रत्येक पोते कोणीतरी खांद्यावरून वाहून नेताना दिसते, आणि नेणाऱ्याला वाट लांब पडली तर गावाची भाकर त्या प्रमाणात उशिरा मिळते. म्हणून भट्टी कोठाराजवळ असावी की वखारीजवळ, पवनचक्की शेताकडे सरकवावी की नाही, असल्या प्रश्नांवर आपण तटबंदीपेक्षा अधिक विचार करू लागतो. दगडाचेही तेच आहे. खाणीत चिरा निघतो, पण तो वखारीपर्यंत नेण्यासाठी बैल ठेवावे लागतात. बैल कमी असतील तर खाणीच्या तोंडाशी दगडांचा ढीग साचत राहतो आणि तटाचे काम मात्र अर्धवट पडून राहते. जांभ्याच्या चिरेखाणीवर घर बांधायला दगड घ्यायला गेलेल्या कोणालाही ठाऊक असते की चिरा स्वस्त असतो, महाग पडते ती वाहतूक. हे व्यवहारज्ञान एका खेळाने इतक्या नेमकेपणाने नियमांत बसवलेले पाहून मला त्याच्या कर्त्यांविषयी आदर वाटला.

या वाटेवर आपल्या लोकप्रियतेचा एक आकडा नजर ठेवून असतो. पडद्याच्या कोपऱ्यात लेखनिकाच्या वहीत तो सतत दिसतो आणि पन्नासच्या खाली उतरला की माणसे चंबूगबाळे उचलून किल्ला सोडू लागतात. कर वाढवला की आकडा घसरतो, शिधा वाढवला की चढतो. एकाच पदार्थावर न भागवता सफरचंदे, चीज, मांस आणि पाव असे वेगवेगळे पदार्थ कोठारात ठेवले तर त्याचाही लाभ मिळतो, आणि प्रार्थनामंदिर व मद्यालय यांमुळेही लोक खूश राहतात. याहून चतुर भाग वचक आणि आराम यांच्या समतोलाचा आहे. फाशीचे खांब आणि तुरुंग उभारले तर लोक मुकाट्याने जास्त काम करतात, पण आपण त्यांच्या मनातून उतरतो आणि सैनिकही निरुत्साहाने लढतात. बागा, पुतळे आणि नाचाचे खांब उभारले तर शिबंदी जिवावर उदार होऊन लढते, मात्र कामकरी रेंगाळू लागतात. यातला कोणताही मार्ग सर्वस्वी बरोबर नाही, आणि खेळही त्यावर कसला उपदेश करीत नाही. तो केवळ हिशेब समोर ठेवतो.

सैन्य उभे करतानाही हा हिशेब सुटत नाही. शिपाई म्हणजे शेकोटीभोवती बसलेला एखादा रिकामा माणूस, थोडे सोने आणि शस्त्रागारातले एखादे हत्यार. धनुर्धराला धनुष्य पुरते. आडधनुष्यवाल्याला (क्रॉसबो चालवणाऱ्याला) मात्र चामड्याचे चिलखतही लागते, आणि चामडे कमावणारा ते गोठ्यातली गाय नेऊनच तयार करतो. परिणामी ज्या आठवड्यात आपण मोठ्या हौसेने आडधनुष्यवाल्यांची तुकडी उभी करतो, त्याच आठवड्यात कोठारातले चीज कमी होऊ लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत देवगडला आलेला माझा भाचा पहिल्या दिवशी सारखा विचारत होता, “मामा, लढाई कधी सुरू होणार?” दोन दिवसांनी तोच मला सांगत होता, “मामा, थांब जरा, अजून दोन शेतं घालूया, नाहीतर हे लोक उपाशी मरतील.” लढाईची घाई असलेल्या मुलाला कोणी समोर बसवून हे समजावले असते तर त्याने ऐकले असते असे मला वाटत नाही.

वेढ्याचा भाग अर्थातच रंगतदार आहे. शिडीवाले, सुरुंग खणणारे, धडक देणारा ओंडका, चाकांवरचा लाकडी मनोरा आणि दुरून दगड फेकणारी यंत्रे अशी शत्रूची सगळी सामग्री तटाला येऊन भिडते. आपल्याजवळ उकळते तेल, लपवलेले खड्डे, खंदक आणि डांबर असते. यांतल्या डांबराविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. दलदलीतून काढलेले डांबर तटाबाहेर चरांमध्ये ओतून ठेवायचे, शत्रूची फौज त्या पट्ट्यावर येईपर्यंत हात आवरायचा, आणि बुरुजावरच्या शेगडीशेजारी उभ्या असलेल्या धनुर्धराकडून एक पेटता बाण तिथे सोडवायचा. क्षणात सारी रेषा धडधडून पेटते. परंतु खेळातली आग आपला-परका असा भेद करीत नाही. चर शेताच्या फार जवळ असेल तर ज्वाला गव्हावर, तिथून पवनचक्कीवर आणि तिथून थेट वस्तीत शिरतात, आणि मग विहिरीवरून बादल्या घेऊन धावणाऱ्यांची तारांबळ उडते. आगीपुढे भलीभली तयारी कशी निरुपयोगी ठरते हे विजयदुर्गाच्या इतिहासातही आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी किल्ल्यावर चाल केली, तेव्हा बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेली तुळाजी आंग्र्यांची गलबते एकाकडून दुसरीकडे पसरलेल्या आगीत जळून गेली आणि त्यानंतर किल्ला फार काळ टिकला नाही. खंदकाच्या बाबतीतही असाच एक धागा जुळतो. खेळात सैनिकांना खंदक बुजवण्याचे काम देता येते. ते काम संथ असते आणि वरून बाणांचा वर्षाव चालू असतो. ते पाहताना १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी जंजिऱ्याकडे जाण्यासाठी समुद्रात दगड टाकून बांध घालण्याचा जो प्रयत्न केला, त्याची कल्पना थोडीफार करता येते. तिथे तर समोर भरती-ओहोटीही होती.

समुद्राचा उल्लेख आला म्हणून खेळातील सर्वांत मोठी उणीव आधी सांगतो. यात आरमार नाही. नदी, दलदल आणि खंदक आहेत, परंतु पाणी ही केवळ ओलांडता न येणारी जागा आहे. जलदुर्ग म्हणजे काय, समुद्रमार्गे रसद कशी येते आणि कशी तोडली जाते, याचा अनुभव इथे मिळत नाही. दुसरी उणीव त्याहून गमतीची आहे. या किल्ल्यांत कोणाला तहान लागत नाही. विहीर आहे ती आग विझवण्यापुरती, आणि लोकांना हवी असते फक्त बिअर. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तेव्हा कुरटे बेटावर चहूबाजूंनी खारे पाणी होते. तरीही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि त्यांच्यावाचून तिथे शिबंदी राहिली नसती. हा विचार खेळात असता तर वेढ्याला वेगळीच धार आली असती. तोफा आणि दारूगोळा नाहीत, पण खेळाचा मध्ययुगीन काळ पाहता ती तक्रार होऊ शकत नाही. ज्यांना आपल्याकडच्या गोलाकार बुरुजांचे आणि वळणाच्या दरवाजांचे मर्म खेळातून पाहायचे आहे, त्यांनी मात्र इथे ते शोधू नये.

इतर दोष साधे आहेत. वेगवेगळ्या वेगाचे सैनिक एकत्र पाठवले की ते वाटेत विखुरतात आणि चपळ मंडळी एकेकटी मरायला पुढे जातात, त्यामुळे प्रत्येक तुकडीला स्वतंत्र हुकूम देत राहावे लागते. मूळ मोहिमेत शत्रू आपल्यासमोर किल्ला बांधत नाही, ठरलेल्या वेळी त्याच्या फौजा नकाशाच्या कडेवरून येतात. एकदा वेळा लक्षात आल्या की त्यातले आश्चर्य संपते. ‘क्रुसेडर’मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि सुलतान सलाउद्दीन यांच्यासह अनेक सरदार आपापले किल्ले उभारतात, शेती करतात आणि एकमेकांवर चालून जातात, म्हणून प्रतिस्पर्धी हवा असणाऱ्याने तिकडे वळावे. तिथे शेतीची जमीन हिरवळीच्या तुकड्यांपुरतीच असल्याने त्या तुकड्यांसाठीची चढाओढ फार बहारीची होते. मला स्वतःला मात्र मूळ खेळातली आर्थिक मोहीम आणि शत्रूशिवाय मोकळेपणी किल्ला बांधण्याची सोय अधिक आवडते. रात्री जेवण झाल्यावर तासभर निवांत बसून एखादा बुरूज हलवावा, एखादे शेत वाढवावे, एवढ्याने समाधान होते.

‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये नियमांना हात लावलेला नाही ही मोठी समंजस गोष्ट आहे. चित्रे मोठ्या पडद्यावरही स्वच्छ दिसतात, काही नव्या मोहिमांची भर पडली आहे आणि रॉबर्ट युव्हिनो यांचे संथ, काहीसे उदास संगीत कायम आहे. ज्यांचा लॅपटॉप फारच जुना आहे त्यांनी आधीची एचडी आवृत्ती घ्यावी, ती साध्या यंत्रावरही चालते आणि खेळ म्हणून त्यात काही कमी पडत नाही. दोन्ही स्टीम या ऑनलाइन दुकानात मिळतात आणि तिथे वरचेवर सवलत असते, तेव्हा घाई करू नये. एकदा उतरवून घेतल्यावर एकट्याने खेळण्यासाठी इंटरनेट सतत लागत नाही, ही पावसाळ्यात रेंजवर भरवसा ठेवता न येणाऱ्या आपल्या गावांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे. विजेचे तसे नाही. मृगाचा पाऊस सुरू झाला की दर थोड्या वेळाने खेळ सेव्ह करून ठेवावा, निदान शत्रूच्या फौजा नकाशावर दिसू लागण्याआधी तरी. नवख्याने सुरुवात आर्थिक मोहिमेपासून करावी आणि युद्धमोहिमेकडे कोठार भरते ठेवण्याची सवय लागल्यावरच वळावे.