टोल पासची पीडीएफ आली? मग पैसे गेले म्हणून समजा

आमचे दाजी चादरींच्या धंद्यातले. स्वतःच्या गाडीने सोलापूर-पुणे सतत चालू असतं. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, म्हणजे जाऊन-येऊन आठ वेळा टोल. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला: तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, आधी संपेल ते. एक नाका ओलांडला की एक फेरी. म्हणजे पुण्याच्या पंचवीस वाऱ्या. दाजी खूश.

मोबाईलवर शोधलं तर सगळ्यात वर जाहिरातीची लिंक. तीन सिंहांची मुद्रा, व्यवस्थित मराठी, आणि गाडीचा नंबर टाकताच मॉडेलसुद्धा बरोबर आलं. (ते परिवहनच्या ॲपवर कुणालाही दिसतं, त्यात काही विशेष नाही.) 'आजच घेतल्यास २,४९९.' क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं. 'सरकारी एजंट असेल,' म्हणत दाजींनी पिन टाकला. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर पीडीएफ हजर! गोल निळा शिक्का, सही, गाडी नंबर, खाली सूचना: 'प्रिंट काढून काचेवर लावा.' दाजींनी रंगीत प्रिंट काढून, लॅमिनेशन करून लावली.

सावळेश्वरला फाटक उघडलं आणि मोबाईलवर नेहमीसारखाच पैसे कापल्याचा मेसेज. नाक्यावरचा पोरगा म्हणाला, "मालक, कागद बघतंय कोण इथं? मशीन टॅग वाचतंय."

दाजींनी पीडीएफवरच्या 'हेल्पलाइन'ला फोन लावला. समोरचा एकदम गोड. "सर, टॅग ब्लॅकलिस्ट दिसतोय, केवायसी करून देतो," म्हणत त्याने एक एपीके फाइल, म्हणजे उघडली की मोबाईलमध्ये परकं ॲप टाकणारी फाइल, पाठवली. शेजारच्या सीटवर ताई होती. तिने फोनच काढून घेतला, नाहीतर खातं साफ झालं असतं.

खरा पास राजमार्गयात्रा ॲपवर किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या वेबसाइटवरच मिळतो आणि गाडीवर आहे त्याच टॅगवर चालू होतो. नवा स्टिकर नाही, कागद नाही, एजंट नाही. तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेंवरच चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याचा, तिथे चालत नाही, त्यामुळे 'सगळीकडे फ्री' म्हणणारा तिथंच ओळखावा. शंका आली तर महामार्गाच्या हेल्पलाइनला, १०३३ ला विचारा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, पुढच्या खात्यात वळायच्या आत रक्कम गोठवता येते.

दाजींनी १९३० ला फोन केला तो घरी आल्यावर, रात्री. तक्रार नोंदली गेलीय, पैसे आलेले नाहीत. तीच वेबसाइट आता दुसऱ्या नावाने जाहिरातीत दिसतेय, भाव १,९९९.